टोपी काढली की थांबायचं

“हाण,” दादा म्हणाला.

मी हाणली.

“ही काय चापट? माशी मारायलाईस व्हय? साहेब हसत हसत माघारी जाईल. परत हाण.”

मी परत हाणली. या वेळी त्याची टोपी वाकडी झाली आणि दाढेखालची तंबाखू ओठावर आली. गाल लाल झाला होता, पण दादा खूश. “आत्ता कसं! पर तू मारताना डोळं मिटतोस बघ. भांडणारा माणूस डोळं मिटत न्हाई, जोत्या. डोळं उघडं ठेवून मारायचं.”

मग त्यानं मला मारून दाखवलं. डोळे उघडे ठेवून. मी लाकडाच्या थप्पीवर जाऊन पडलो आणि कोपर सोललं. सुताराच्या हाताची चपराक होती ती, नाटकातली असली तरी.

घरामागच्या छपरात ही तालीम चालली होती. बायका बाजाराला गेल्या होत्या, म्हणून वेळ साधली होती. गावच्या जत्रेत दरसाल नाटक व्हायचं आणि त्यातला दुष्ट माणूस ठरलेला, आमचा महिपतीदादा. दिवसभर रंधा मारायचा आणि संध्याकाळी मिशा चिकटवून कुणाचा तरी गळा दाबायचा. एरवी मुंगीसुद्धा ओलांडून जाणारा माणूस. मला वाटतं, वर्षाचा सगळा राग तो त्या एका रात्रीत वापरून टाकायचा.

हा सगळा उद्योग विजेच्या बिलासाठी होता, हे आता कुणाला सांगितलं तर पटत नाही. त्या वर्षी सरकारनं जाहीर केलं होतं की ज्या घराचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत, त्या घराच्या बिलावरचा कर माफ. शिवाय शंभरच्या आत दरही खालचा. आमच्याकडे मीटर एक आणि त्यावर दोन कुटुंबं, दादाचं आणि माझं. त्यात वहिनीची विजेची शेगडी. दीडशेच्या खाली आकडा कधी यायचाच नाही, त्यामुळे दरही वरचा आणि करही पुरा.

शेगडी बंद करता येत नव्हती. हौसावहिनी लग्न होऊन आली ती सुताराच्या घरात, आणि सुताराच्या घरात सरपण म्हणजे भुसा. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, बाटली ओढून काढायची आणि त्या भोकात जाळ घालायचा. फुकटची चूल. पण तिचा धूर वीस वर्षं वहिनीच्या छातीत गेला. शेवटी ती चार पावलं चालली तरी भिंत धरून उभी राहायला लागली. मिरजेच्या डॉक्टरनं दादाला बाहेर नेऊन सांगितलं, “धूर बंद करा, नाहीतर बाईला विसरा.” गॅसचा नंबर कधी लागणार ते देवाला ठाऊक. म्हणून दादानं विजेची शेगडी आणली आणि पहिलं बिल आलं तेव्हा वहिनीनं ती गुपचूप माळ्यावर टाकून पुन्हा भुसा पेटवला. दादानं डबा लाथेनं उडवला. त्या दिवशी ती रडली आणि दादाही रडला.

मी नऊ वर्षांचा असताना आई गेली. मला न्हाऊमाखू घातलं ते वहिनीनं. तेव्हा तिच्या श्वासासाठी सरकारला फसवायचं म्हटल्यावर मी एका पायावर तयार झालो. खरं सांगायचं तर मला त्यात मजाही वाटत होती. लाईटवाल्यांवर माझा जुना दात होता.

त्यांच्याकडे माझी दोन बोटं होती.

सतरा वर्षांचा होतो मी. दादा आणि मी तेव्हा दुसऱ्याच्या वखारीत कामाला होतो. लाईट गेलेली. गोल करवतीत ढलपा अडकला होता तो काढायला मी हात घातला, आणि लाईट आली. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं भुशात पडली. अकरा वर्षं मी गावात जिथं तिथं लाईटवाल्यांना शिव्या घालत फिरलो. वायरमन दिसला की थुंकायचो. लोक हसायचे, पण दादा कधी हसला नाही. त्यानं माझ्यासाठी लाकूड तासायच्या वाकसाला नवा दांडा करून दिला. तीन बोटांत नेमका बसेल अशी खाच त्यानं स्वतः कोरली, घासली, तेल पाजलं. त्या दांड्यामुळे मी सुतार राहिलो.

तर घर वेगळं झालं म्हणून दाखवायचं, म्हणजे दोन मीटर मिळणार. वेगळं घर म्हणजे वेगळी चूल, हा नियम. पण ही अक्कल गावात सगळ्यांनाच सुचली. महिन्याभरात गावातले निम्मे भाऊ विभक्त झाले. कुणी तीन विटा मांडल्या आणि वर रिकामं पातेलं ठेवलं. तपासणीला येणारे मोकाशी साहेब पक्के होते. ते बोलायचे नाहीत, खाली बसून विटेला हात लावायचे. वीट गार लागली की अर्ज नामंजूर.

“आपण चूल दाखवायची, पर तिच्यावर भरवसा ठेवायचा न्हाई,” दादा म्हणाला. “आपण भांडण दाखवायचं. चूल खोटी मांडता येती, भांडण कोण खोटं करतंय?”

“आणि बायका?”

“बायकास्नी सांगायचं न्हाई. तुझी मालन हसू दाबून मरंल. आणि हौसाला कळलं तर ती म्हणंल, माझ्या भाकरीपायी असलं सोंग नको. त्यांचं रडणं खरं पायजे, जोत्या. साहेब आपल्याकडं बघायचा न्हाई, त्यांच्याकडं बघंल.”

मला ते थोडं खटकलं होतं. पण नाटकातलं दादाला कळतं, असं मी धरून चाललो.

शेवटही त्यानंच बसवला. बापाच्या हत्यारांवरून भांडण पेटणार. मी वाकस उचलून अंगावर जाणार. मग दादा डोक्यावरची टोपी काढून खाली आपटणार आणि म्हणणार, “आजपासनं तू मला मेलास!” तिथं संपलं.

“टोपी काढली की थांबायचं,” त्यानं मला तीनदा बजावलं. “मधी काय बी होऊ दे. टोपी निघाली की हात खाली.”

“आणि न्हाई निघाली तर?”

“निघंल की. मी काय खुळा हाय व्हय?”

आठवडाभर आम्ही बायकांदेखत एकमेकांशी बोललो नाही. सोप्यात फळ्यांची आडभिंत घातली. माझ्या बाजूला मालननं रडत रडत चूल मांडली. वहिनी मधल्या फटीतून मला हाका मारायची, “जोतिराम, काय झालंय रं तुमच्यात?” मी उत्तर देत नव्हतो. ते मात्र फार जड गेलं.

मंगळवारी सकाळी दहाला मोकाशी साहेब आले. किडकिडीत, चष्मेवाला माणूस. बरोबर नाईक वायरमन. साहेब अंगणात बाजल्यावर बसले, कागद मांडीवर घेतले आणि म्हणाले, “दोघे भाऊ कुठे आहेत?”

दादानं आतून सुरुवात केली. “त्या मोठ्या करवतीला हात लावायचा न्हाई! बापानं माझ्या हातात दिलीया!”

“तुझ्या एकट्याचा बाप हुता व्हय?” मी ओरडलो.

ठरल्याप्रमाणे आम्ही अंगणात आलो. ठरल्याप्रमाणे त्यानं माझी कॉलर धरली. मी कानाखाली वाजवली, डोळे उघडे ठेवून, आणि ती इतकी चांगली बसली की साहेबांनी चष्मा वर केला. दादानं माझ्या पोटात गुडघा घातला. हा तालमीत नव्हता. मला वाटलं, रंगात आलाय. मी त्याच्या नाकावर ठोसा दिला आणि रक्त आलं. मालन किंचाळली. “अवो सोडा! अवो दादा, तुमी तरी सोडा!” नाईक उठायला लागला तर साहेबांनी त्याला हातानं खाली बसवलं. त्यांना बघायचं होतं.

आणि तिथं दादाला सुचलं. नटाला असं सुचतं. समोर बघणारा असला की त्याला राहवत नाही.

“थोट्या!” तो म्हणाला. “तीन बोटाच्या सुताराला दारात कोण उभं करतंय? अकरा वर्षं मी सांभाळला म्हणून जगलास!”

मला लागलं ते. नाटक आहे हे ठाऊक असूनही लागलं. मी काही बोलायच्या आत वहिनी बाहेर आली. हाताला पीठ, पदर खांद्यावरून सुटलेला. ती पळत आली होती, आणि ती पळत कधी येत नसे. दाराची चौकट धरून तिनं श्वास गोळा केला.

“काय म्हणालासा?”

“तू आत जा,” दादा म्हणाला.

“त्येला थोटा म्हणतायसा? तुमी? तुमच्या तोंडानं?”

“हौसे, आत जा म्हणतोय न्हवं.”

“न्हाई जात. लई वरसं गप बसले. पोराला घराबाहेर काढायलायसा आणि वर त्येला थोटा म्हणतायसा? त्या दिशी लाईट आली म्हणून सांगितलासा गावाला. लाईट कवाच आली हुती.” ती थांबली, छाती भात्यासारखी हलत होती. “बटण कुणी दाबलं? सांगा की. माझ्या मांडीवर डोस्कं ठेवून कोण रडत हुतं, पोर मला दिसलं न्हाई गं म्हणून?”

दादानं तिच्या तोंडात मारली. ती चापट नाटकातली नव्हती. वहिनी उंबऱ्यावर तोंडावर पडली आणि तिच्या दातातून रक्त आलं. ती रडली नाही, तिला श्वासच मिळत नव्हता.

अंगणात कुणी हललं नाही. वाकस माझ्या हातात कधी आला ते मला आठवत नाही. तालमीत तो ओट्यावर ठेवायचं ठरलं होतं आणि तिथंच होता.

“दादा,” मी म्हणालो, “काय म्हणती ती?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आठवडाभरात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर सोंग नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं ती वखार आली, तो भुसा, आणि त्यानंतर अकरा वर्षं लाईटवाल्यांना शिव्या देत फिरलेला मी, आणि प्रत्येक वेळी शेजारी मान खाली घालून उभा असलेला तो. त्यानं एक हात डोक्याकडं नेला.

मी मारलं.

वाकस कानामागून उतरला आणि खांद्यात बसला. लाकडात बसतो तसा नाही बसला, हाडाचा आवाज वेगळा असतो. अर्धा कान गालावर लोंबायला लागला. दादा पडला नाही. त्यानं मला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि मला घेऊन खाली कोसळला. त्याचं रक्त माझ्या तोंडात गेलं. मी त्याला ठोसे मारत होतो, तोंडावर, फुटलेल्या खांद्यावर, आणि ओरडत होतो, “माझी बोटं! माझी बोटं!” नाईकनं मागून मला ओढलं तर मी कोपर मागं मारून त्याचा दात पाडला. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. अकरा वर्षं त्याच्यावर थुंकलो होतो, वर हे.

मी सुटलो आणि वाकस पुन्हा वर उचलला. दादा उताणा पडला होता. त्यानं मला अडवायला हात वर केला नाही.

वहिनी गुडघ्यांवर सरपटत आली आणि त्याच्यावर आडवी पडली. श्वासाची शिटी तेवढी ऐकू येत होती. तिचा केसांचा भांग माझ्या वाकसाच्या बरोबर खाली होता. लहानपणी तिच्या पाठीवर चढून तोच भांग मी विस्कटायचो. माझ्या तीन बोटांतली ताकद गेली आणि वाकस आपोआप खाली पडला.

मोकाशी साहेब पाय वर घेऊन बाजल्यावर बसले होते, पांढरेफटक. मग त्यांनीच पहिल्यांदा आवाज काढला, “जीप! जीपमध्ये घाला त्यांना!” त्यांच्या जीपमधून दादाला मिरजेला नेलं. मी मागं बसून त्याचा कान धोतराच्या पट्टीनं डोक्याशी दाबून धरला होता. वाटेत तो दोनदा बेशुद्ध पडला. दवाखान्याच्या दारात त्याला आत नेल्यावर साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवले आणि सही केली.

“लोकांच्या विटा तपासत फिरलो मी,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “तुमच्याकडे तपासण्यासारखं काही नाही. तुम्ही वेगळे झाला आहात.”

पोलीस आले. दादानं जबाब दिला की छपराचा वासा बसवताना माझ्या हातातला वाकस निसटला, तीन बोटांनी किती धरणार? साहेबांनी आणि नाईकनंही तेच सांगितलं. मी सुटलो.

पंधरा दिवसांत दोन मीटर आले. नाईकनंच बसवले, वरच्या ओठाला टाके घेऊन. पहिल्या बिलावर कराच्या रकान्यात शून्य होतं, दोन्ही घरांच्या. वहिनी विजेच्या शेगडीवर भाकरी करायला लागली. वर्षाभरात तिचा श्वास सुधारला, पुढे तर ती शेतापर्यंत चालत जायला लागली. आजही आहे ती, चांगली आहे. ज्याच्यासाठी केलं ते झालं, एवढं म्हणायला हरकत नाही.

ती सवलत अडीच-तीन वर्षांत बंद झाली. आडभिंत राहिली. पुढे तिच्या जागी विटांची भिंत आली. दोन्हीकडे सुतार राहत असून त्या भिंतीला दार नाही. दादा आणि मी बोलायचो, लग्नकार्यात एकत्र जेवायचो, तो माझ्या पोरांना खाऊ द्यायचा. पण एका छपराखाली काम पुन्हा केलं नाही. जत्रेच्या नाटकातही तो पुन्हा उभा राहिला नाही. अर्ध्या कानाला मिशा शोभत नाहीत, म्हणायचा. गेल्या माघात तो वारला.

दवाखान्यातलं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही, मालनलाही नाही. घडल्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो होतो. डोकं पांढऱ्या पट्ट्यांनी गुंडाळलेलं, हात गळ्यात बांधलेला. खिडकीतून ऊन त्याच्या पायावर पडलं होतं. मी उभाच राहिलो. बसायला सांगायचं त्याला सुचलं नाही.

“बटण मीच दाबलं,” तो म्हणाला. “लाईट येऊन घटका झाली हुती. तू करवतीच्या पलीकडं वाकला हुतास, दिसला न्हाईस. आपल्या बापाला काय सांगायचं कळंना, म्हणून लाईट आली म्हणालो. मग रोज तेच म्हणत गेलो.”



तो छताकडं बघत पडला होता. मग माझ्याकडं मान वळवता येईना, म्हणून नुसते डोळे वळवले.

“जोत्या, मला टोपी काढायला उशीर झाला न्हवं?”

उशीर झाला नव्हता. वहिनी शेवटचा शब्द बोलल्यावर आणि मी विचारल्यावर त्यानं टोपी काढली होती. ठरल्यापेक्षा लवकरच काढली होती. टोपी त्याच्या हातात आलेली मी पाहिली, ती त्यानं खाली टाकलेली पाहिली, ती धुळीत पडून एकदा उलटी झालेली पाहिली. एवढा सगळा वेळ वाकस माझ्या डोक्यावर उगारलेला होता. मग मी मारलं, डोळे उघडे ठेवून, त्यानं शिकवलं होतं तसं.

आणि हे त्यालाही ठाऊक होतं. तो माझ्यासमोरच तर उभा होता.

“व्हय दादा,” मी म्हणालो. “लई उशीर झाला.”

“तेच म्हणतोय मी,” तो म्हणाला, आणि डोळे मिटले.